शाळेच्या अंगणातलं गाव

"मावशी, ही साडी फारच स्वच्छ आहे हो," प्राजक्ता मिस म्हणाल्या. "दुसरी नाही का एखादी? मळकी? फाटकी असली तर उत्तमच."

नव्हती. फाटकी साडी नेसून शाळेत जायची माझी रीत नव्हती. आदल्या दिवशी धुऊन, तांब्यात निखारे घालून मी ती साडी कडक केली होती. प्रदर्शन आहे, मोठे लोक येणार, म्हणून मुद्दाम.

मिसनी इकडंतिकडं बघितलं. मग कुंडीतली ओली माती बोटांवर घेतली आणि माझ्या पदराला पुसली. खांद्यावर पुसली. गुडघ्याजवळ पुसली. मुली हसल्या. वाईट हसल्या असं नाही म्हणणार मी. बाहुली नटवताना हसतात तशा हसल्या. एकीनं माझ्या केसात गवताची काडी खोचली. मी दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी, शिंप्याला माप देताना धरतात तशी.

"आता बरोबर," मिस म्हणाल्या. "आता अगदी पुस्तकातून उतरल्यासारख्या दिसता."

माझी मुलगी सविता तिथंच होती. आठवीत होती, या मुलींच्याच वर्गात. तिच्या हातात इंग्रजीत बोलायचा कागद होता. ती हसली नाही. माझ्या पदरावरच्या मातीकडं बघत राहिली.

तुम्ही म्हणाल, बाई, तू बोलली का नाहीस? थांबा, सांगते. मला सरळ सांगता येत नाही, जरा फिरून येते मी.

मी मूळची चिकोडीकडची. घरात मराठी, बाजारात कन्नड, दोन्ही जिभेवर. लग्न झालं आणि बेंगळुरूला आले. नवरा होसकोटेला कारखान्यांचा माल वाहायचा, टेम्पोवर. आम्ही राहायचो शिवाजीनगरात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका खोलीत. घरमालकीण मराठीच, पण आजापणजापासून इथली. कापडाचं दुकान त्यांचं. तिच्या मराठीत निम्मं कन्नड. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. खोली दाखवताना तिनं एवढंच विचारलं, "आमच्यातलेच न्हवं तुम्ही?"

मी म्हटलं, "हो अक्का."

"सरी मग. सामान आणा."

त्या एका 'हो'वर आम्ही त्या खोलीत राहिलो. वर्षानुवर्षं राहिलो. माहेरून आणलेला निळ्या कोटातल्या बाबांचा फोटो मी ट्रंकेत ठेवला, साड्यांच्या खाली, उपडा. मला आठवतं, उपडा ठेवताना मला वाटलं होतं, असं नको, निदान तोंड वर असावं. पण ट्रंक उघडल्यावर कुणाला दिसलं तर? म्हणून उपडाच. अक्का संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलवायची. स्टीलच्या पेल्यात पाणी द्यायची. मी तो पेला ओठाला लावून अगदी सावकाश प्यायचे. पाणी संपू नये असं वाटायचं. मला तेव्हा कुणी विचारलं असतं की बाई, बेंगळुरूत तुला काय मिळालं, तर मी म्हटलं असतं, हा पेला.

सविताला मी काहीच सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, अक्कांच्यातलेच आम्ही. ती म्हणायची. पोर विश्वासानं म्हणायची. तिला आजोळ दाखवलं नाही, आजीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. माझी आई वारली तेव्हा मी एकटी जाऊन आले.

मी त्या शाळेत आयम्मा होते. लहान मुलांना संडासाला न्यायचं, वर्ग झाडायचे, घंटा द्यायची. मोठी इंग्रजी शाळा, दगडी इमारत, अंगणात जुनी झाडं. आयम्माची मुलगी म्हणून सविताला तिथं फी माफ होती. ही गोष्ट मला रोज कुणी ना कुणी आठवण करून द्यायचं, आणि कुणी नाही दिली तर मी स्वतःच स्वतःला द्यायचे.

प्राजक्ता मिस पुण्याच्या. त्यांचा नवरा कंप्युटरच्या कंपनीत आला, म्हणून त्या आल्या. तरुण बाई, पोरांवर जीव टाकणारी. शाळेतल्या मोठ्या माणसांत मी एकटीच मराठी बोलणारी निघाले, तर त्यांना कोण आनंद. "मावशी, तुमच्याशी बोललं की घरी गेल्यासारखं वाटतं." मी शाळेची पायरी चढलेली नव्हते. बाराखडी नवऱ्यानं शिकवली, पुढचं वाचन झालं ते मिसच्या दिवाळी अंकांवर. त्या जुने अंक बांधून आणून द्यायच्या. मी दुपारी पायरीवर बसून एकेक शब्द लावत वाचायचे. आज हे लिहिते आहे ते त्यांच्या अंकांच्या जिवावर. म्हणून त्यांना राक्षस करून सांगितलं तर सोपं जाईल, पण ते खोटं होईल.

तर त्या वर्षी आठवीला एक इंग्रजी कादंबरी होती. नदीकाठच्या गावाची गोष्ट. मिस म्हणाल्या, नुसतं वाचून गाव कळत नाही, हातानं उभं करायचं. गोष्ट ज्या जागी घडते त्या जागेला त्या सेटिंग म्हणायच्या. अंगणात अख्खं सेटिंग उभं करायचं, मुलांनीच पाटील व्हायचं, पुजारी व्हायचं, आणि पालकांना हिंडवून दाखवायचं. एका गटानं थर्माकोलचं देऊळ केलं. एकानं पुठ्ठ्याचा पाटलाचा वाडा. डांबराच्या पिंपाला कागदाचे दगड चिकटवून विहीर झाली. तांबडी माती आणि पेंढा पाहिजे होता, तर मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं होसकोटेकडून आणून अंगणात ओतला आणि हसला. "गाव सोडून इथं आलो, आता गावच टेम्पोत घालून आणतोय."

खोटं कशाला सांगू, मला मजा आली. मैद्याची खळ मी शिजवली. कागदाचे पोपट मी केले. मुली मला विचारायच्या, आयम्मा, चूल अशी असते का, आयम्मा, गोवऱ्या कशा दिसतात. मला कुणी काही विचारतंय याचीच नशा चढली होती.

सविताच्या गटाकडं गावाबाहेरची म्हातारी होती. तिची झोपडी. मुलींनी ती विहिरीशेजारी उभी केली, कारण तिथं जागा होती. मी झाडू घेऊन चालले होते. थांबले आणि म्हटलं, "इथं नको गं. तिकडं न्या."

"व्हाय, आयम्मा?"

"तिकडंच असती ती."

आणि मी बोट दाखवलं. गटाराच्या पलीकडं, संडासाच्या भिंतीला लागून. कुणी विचारलं नव्हतं मला. मुलींनी झोपडी विहिरीच्या काठाला लावली होती, काही बिघडत नव्हतं, पाणी काही खरं नव्हतं. माझ्या डोळ्याला ते खुपलं. मीच ती झोपडी उचलायला हात लावला, मीच एक बाजू धरून गटारापलीकडं नेली. मुलींनी चिखल टाळायला उड्या मारल्या. मी चिखलातून गेले.

मिस बघत होत्या. "अगदी बरोबर, मावशी. पुस्तकातही ती गावाबाहेरच राहते."

त्या झोपडीपुढं कुणी बसायचं हा प्रश्न आला. पाटलीण व्हायला मुलींची भांडणं झाली. म्हातारी व्हायला एकही मुलगी तयार होईना. मिसनी एकेकीला विचारलं. एक म्हणाली, मम्मी ओरडेल. एक नुसतीच मान हलवत राहिली. मग मिस माझ्याकडं वळल्या.

"मावशी, तुम्ही बसाल? बोलायचं काही नाही. नुसतं बसायचं."

मी विचारलं, "नाव काय तिचं?"

"नाव नाहीये. म्हणजे बघा, ती पात्र नाही. सेटिंगचा भाग आहे. जशी विहीर, जसं झाड. तिच्यामुळे वातावरण तयार होतं."

वातावरण. मला तो शब्द आवडला, बरं का. नवा शब्द मिळाला की मला लिमलेटची गोळी मिळाल्यासारखं व्हायचं. घरी जाईपर्यंत तोंडात घोळवत गेले. वातावरण. मी वातावरण होणार.

सविता माझ्याबरोबर चालत होती. बाजारातून, बस स्टँडच्या गर्दीतून. मग म्हणाली, "आई, तू बसू नको."

"का गं?"

"मला नाही आवडत."

"अगं, नाटकच की. मिसनी विचारलं, नाही कसं म्हणू?"

"सगळ्या मुलींनी म्हटलं नाही. त्यांना चालतं."

"त्यांचं वेगळं, बाळा."

"का वेगळं?"

बघा, इथं. याच जागी. कापडाच्या गाठोड्यांवरून लोक उड्या मारत होते, रिक्षावाले भांडत होते, आणि माझ्या पोरीनं मला सरळ विचारलं होतं, का वेगळं. मला तेव्हा सांगता आलं असतं. थांबून, तिचा हात धरून. तसं मी केलं नाही. समोर पेरूची गाडी होती. मी एक पेरू कापून घेतला, तिखटमीठ लावून तिच्या हातात दिला. पोराचं तोंड चालू झालं की प्रश्न बंद होतो असं आईला वाटतं. तिनं तो खाल्ला. पुन्हा विचारलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळपासून मी झोपडीपुढं बसले. ऊन वर आलं. मागं संडासाची भिंत तापली. गाड्यांतून पालक आले. पांढऱ्या शर्टातले बाप, गॉगल लावलेल्या आया. मुली त्यांना हिंडवत होत्या. देऊळ, वाडा, पार, विहीर. सगळ्यात शेवटी आम्ही. तिथं सविता उभी राहून बोलायची. तिचा आवाज छान, उच्चार छान, म्हणूनच मिसनी तिला शेवटची जागा दिली होती. ती इंग्रजीत सांगायची की ही बाई गावाच्या हद्दीवर राहते, हिला विहिरीला हात लावता येत नाही, कुणी पाणी ओतेपर्यंत ही बसून राहते. माझ्याकडं न बघता सांगायची. लोक माना डोलवायचे, माझ्याकडं बघायचे, मग झोपडीकडं बघायचे, मग पेंढ्याकडं. सगळ्याकडं एकाच नजरेनं.

पाटलीण झालेली मुलगी नंदिता. आजीची रेशमी साडी, नाकात नथ, हातात तांब्याचा लोटा. सरावाच्या वेळी लोटा रिकामा असायचा, ती नुसता दाखवायची. पण पोर मायाळू होती. मी सकाळपासून उन्हात बसलेली तिला बघवेना. तिनं नळावर जाऊन लोटा भरून आणला.

"कुडीरी, आयम्मा," ती म्हणाली. प्या म्हणाली. आणि पुस्तकात होतं तसा लोटा वर धरला.

मी उठले.

पुढचं मी केलं असं मला म्हणता येत नाही. ते झालं. मी पहिल्यांदा एक पाऊल मागं गेले, तिच्या साडीवर माझी सावली पडू नये म्हणून. पदर कपाळावर ओढला. कमरेत वाकले. दोन्ही कोपरं पोटाशी गच्च मिटली, हात हनुवटीखाली जोडले, बोटं एकात एक बसली. ओंजळ झाली. पाणी आलं. मी प्याले. एक थेंब खाली सांडला नाही.

टाळ्या झाल्या.

खरंच टाळ्या झाल्या. मिस हरखून गेल्या होत्या. पालकांना म्हणाल्या, "डिड यू सी दॅट? नोबडी टॉट हर." आणि माझ्याकडं वाकून मराठीत, "मावशी, कमाल केलीत तुम्ही. हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

एका बाईनं पर्समधून कॅमेरा काढला. "वन्स मोअर, प्लीज. आयम्मा, इन्नोंद सल." परत एकदा.

नंदितानं लोटा पुन्हा वर धरला. आणि माझे हात पुन्हा वर आले. मी त्यांना उचललं नाही, ते आपणहून आले.

मला आई दिसली. आमच्या गावचा ओढा. मी लहान, सविताच्या निम्म्या वयाची असेन. आई मडक्यानं पाणी ओतत होती आणि मला शिकवत होती. "कोपर मीट. पोटाला लाव. सांडलंस तर दुसऱ्यांदा ओतत न्हाईत." मी सांडायचे, ती हसायची, पुन्हा ओतायची. शेवटी एकदा सांडलं नाही. तर तिनं मला उचलून घेतलं, माझे ओले हात तोंडाला लावले. "शानी झाली माझी बाय," म्हणाली. मला वाटलं, मी काहीतरी मोठं जिंकले. पुढं उन्हाळ्यात मळ्यावर कामाला गेलो तेव्हा मालकाच्या, म्हणजे गौडाच्या सुनेनं वरून पाणी ओतलं आणि मी न सांडता प्याले. मी आईकडं बघितलं. आईनं मान खाली घातली होती. मला कळलं नाही तेव्हा. मी तर बरोबर केलं होतं.

शाळेच्या अंगणात ओंजळ धरून मी मान जराशी वळवली. सविता माझ्याकडं बघत होती. माझ्या कोपरांकडं. तिचं इंग्रजी मध्येच थांबलं होतं, कागद हातात तसाच. तिच्या तोंडावर राग नव्हता. एकेक गोष्ट जुळत जावी तसं काहीतरी त्या तोंडावर चाललं होतं. आजोळ का नाही. ट्रंकेला कुलूप का. त्यांचं वेगळं, ते का. माझ्या पोरीला ती स्वतः कोण आहे हे कळत होतं, तेही सगळ्या वर्गासमोर, एका पुस्तकातल्या बिननावाच्या बाईकडून. मी सांगायला पाहिजे होतं ते माझ्या हातांनी सांगितलं.

पाणी आलं. मी ओंजळ सोडली.

पाणी माझ्या पायावर पडलं, तांबड्या मातीत गेलं. कॅमेऱ्यावाली बाई म्हणाली, "अय्यो." नंदिता घाबरली. मी तिच्या हातातून लोटा घेतला, हळूच घेतला, पोरीचा दोष नव्हता. तोंडाला लावला. लोट्याचा काठ दातांवर वाजला. तळ दिसेपर्यंत प्याले. निम्मं अंगावर सांडलं, सांडू दिलं.

मग मी मिसना उत्तर दिलं. त्यांनी विचारलं होतं ना.

"माझ्या आईनं शिकवलं," मी म्हटलं. "सत्यव्वा तिचं नाव. आमचं घर असंच गावाबाहेर होतं. तुमच्या पुस्तकात जिला नाव नाही, ती माझी आई."

बाकीच्यांना मराठी कळत नव्हतं. ते अजून हसऱ्या तोंडानं उभे होते, पुढं काय होतं बघत. कळलं ते दोघींना. मिसचा चेहरा उतरला. आणि सविता कागद तिथंच टाकून निघून गेली.

संध्याकाळी पालक गेले. ऑफिसातून निरोप आला, आयम्मा, अंगण मोकळं करा, सोमवारी प्रार्थना आहे. मी झाडू हातात घेतला. सवय. देवळापर्यंत गेलेसुद्धा. मिस मागून आल्या. डोळे लाल होते त्यांचे.

"मावशी, मला खरंच माहीत नव्हतं हो. माहीत असतं तर मी तुम्हाला..."

"तर काय, मिस?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"माहीत असतं तर मला बसवलं नसतं. मग कुणाला बसवलं असतं? संडास धुणाऱ्या मुनियम्माला?"

"मावशी, तुम्ही असं बोलू नका ना. मी तुम्हाला कधी वेगळं मानलं का?"

नव्हतं मानलं. तेच तर. त्यांनी मला काहीच मानलं नव्हतं, विहीर मानली होती, झाड मानलं होतं. पण हे सगळं मला तेव्हा बोलायला सुचलं नाही. मी झाडूकडं बघितलं. आमच्या गावात सण झाला, जत्रा झाली, कुणाचं ढोर मेलं, की मागचं सगळं आम्ही काढायचं. मांडणारे ते, आवरणारे आम्ही. मी तो झाडू देवळाला टेकवून ठेवला. थर्माकोलचं देऊळ, जरासं कलंडलं.

"तुमचं गाव तुम्ही मोडा," मी म्हटलं.

नोकरी गेली तर? सविताची फी? हे सगळं डोक्यात होतंच. शूर होते असं समजू नका. फाटकापर्यंत मला वाटत होतं की आता परत फिरावं आणि झाडून टाकावं.

घरी सविता ट्रंकेला टेकून बसली होती. मी स्टोव्ह पेटवला. ती म्हणाली, "आजी तशी प्यायची?"

"हो."

"आणि तू?"

"मीही."

"म्हणजे मी पण त्यातलीच."

"हो."

तिनं ट्रंकेच्या कुलपावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मग मला पेरू का घेऊन दिलास?"

याला काय सांगायचं तुम्हीच बघा. मला त्या प्रश्नाइतकं कुणी मारलेलं नाही. गौडाच्या सुनेनं नाही, कॅमेऱ्यावालीनं नाही. त्यांनी माझं पाणी वरून ओतलं, ओतायला लावलं. मी माझ्या पोरीचं तोंड पेरूनं बंद केलं. तिला सावध करायचं सोडून तिला गप्प केलं, आणि गप्प ठेवण्याला माया म्हटलं. आईनं मला ओंजळ शिकवली ती निदान तहान भागावी म्हणून. मी सविताला काय शिकवलं? 'हो अक्का.'

मी ट्रंक उघडली. फोटो काढला, पदरानं पुसला. तोच पदर, मिसनी माती लावलेला. नवरा आला तर मी भिंतीत खिळा ठोकत होते.

"अक्का बघंल," तो म्हणाला.

"बघू दे."

"खोली जाईल."

"जाऊ दे."

फोटो वाकडा बसला होता तो त्यानं सरळ केला. सविता आली नाही जवळ. मला वाटलं होतं येईल. नाही आली.

सोमवारी मी घंटा दिली. प्रार्थना वर्गातच झाली, कारण अंगणात गाव होतं. मग मिस आठवीची मुलं घेऊन बाहेर आल्या. त्यांनी स्वतः पदर खोचला. मुलं देऊळ मोडायला लागली, वाडा मोडायला लागली. पेंढा गोळा करायची त्यांना सवय नाही, निम्मा वाऱ्यावर. माती फावड्यानं भरताना एकाच्या हाताला फोड आला. मी पायरीवर उभी राहून बघत होते. हात शिवशिवत होते माझे. इतकं वाईट झाडत होती पोरं. मी हाताची घडी घातली आणि बगलेत दाबून धरली.

झोपडी शेवटी राहिली. गटाराच्या पलीकडं कुणी जाईना. सविता गेली. एकटी. मी नेली होती तिथून, चिखलातून. मला धावावंसं वाटलं, एक बाजू धरावीशी वाटली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. नको. बांबू उपसला, पेंढा ओढला, सगळं पायाखाली घेतलं. मिसनी मदतीला हात पुढं केला तर तिनं तोही घेतला नाही.

नोकरी राहिली. मिसनी रदबदली केली असणार. दिवाळी अंक नंतरही आणून द्यायच्या, पण माझ्या हातात द्यायच्या नाहीत, पायरीवर ठेवायच्या आणि जायच्या. लाज वाटायची त्यांना. मी ते अंक घ्यायचे. वाचायचे. माझी वाचनाची वाट बंद करून मला त्यांच्यावर सूड उगवायचा नव्हता.

अक्का हळदीकुंकवाचं आमंत्रण घेऊन आली, तर उंबऱ्यातच थांबली. भिंतीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. "स्वल्प काम आठवलं," म्हणाली, आणि करंडा मिटून गेली. कुंकू लावलंच नाही. पुढं खोली सोडावी लागली. आम्ही हेब्बाळकडं गेलो, तळ्याच्या अंगाला, तेव्हा तिकडं रानच होतं. नव्या घरात पहिल्यांदा खिळा ठोकला, मग चूल मांडली. नव्या मालकानं विचारलं, कोण तुम्ही. मी सांगितलं. तो म्हणाला, भाडं वेळेवर द्या. असेही असतात.

सविता आता मोठी आहे, तिचं घर आहे, तिची माणसं आहेत. माझ्याशी चांगली वागते. पण कधीतरी जेवताना मध्येच विचारते, "आई, मी नको म्हणत होते, तरी बसलीस कशाला?" मी सांगते, मिसचे उपकार होते, फीची भीती होती. ती मान हलवते. मलाही माहीत आहे हे उत्तर नव्हे. मला बसायला आवडलं होतं, हे उत्तर आहे. कुणीतरी मला जागा दिली होती, आणि ती गटारापलीकडची होती तरी मी हरखून तिथं जाऊन बसले होते. वर ती जागा मीच दाखवली होती. हे मी तिला तोंडानं सांगू शकले नाही, म्हणून इथं लिहिते. ती वाचेल. माफ करेल म्हणून नाही लिहीत. करू नये तिनं.

ओंजळीनं मी त्या दिवसापासून पाणी प्यालेले नाही. नळाला पेला नसेल तर तहानलेली परत येते.

आणि लग्न असो, सभा असो, नातवाच्या शाळेतला कार्यक्रम असो, मी जाते ती सरळ पुढं जाते. पहिल्या ओळीत बसते. परवाच एका पोरानं येऊन सांगितलं, अक्का, ही पाहुण्यांची जागा आहे, तुम्ही जरा मागं बसा. मी त्याला जवळ बोलवलं आणि म्हटलं, "बाळा, मी सत्यव्वाची लेक. मागची जागा मला पाठ आहे, ती दाखवायला तू लागत नाहीस. मी इथंच बसणार."